कड्यावरून बाईंनी मला परत आणलं

मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे, मित्रांनो. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. घर म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यात दोन बाकं आहेत आणि मधे एक टेबल आहे. टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होतो. वर एक अरुंद फळी आहे, तिच्यावर लहान मूल झोपू शकतं. एक शेगडी, हात धुण्यापुरतं बेसिन आणि कडी नीट न लागणारं एक कपाट. माझ्या पोटात दोन माणसं सुखाने राहतात, तीन माणसं सांभाळून राहतात आणि चार राहिली की भांडतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पत्रे ठोकण्याचा आवाज दिवसभर चाले. एका रंगाऱ्याने माझ्या अंगावर निळा पट्टा ओढला. ओढता ओढता त्याला शिंक आली आणि चाकाजवळ पट्टा जरा वर गेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि शिटी वाजवत तो पुढच्या गाडीकडे निघून गेला. तेव्हापासून मी थोडी हसऱ्या चेहऱ्याची दिसते, असं पुष्कळांनी म्हटलं आहे.

मला एका जोडप्याने घरी नेलं. नवरा चष्म्यांची भिंगं घासायचा, म्हणून त्याला सगळे भिंगवाले म्हणत. बायको शाळेची बस चालवायची. बसमधली मुलं तिला नुसतंच 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी होती. थोरला आणि धाकटी.

दर सुट्टीत आम्ही समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात जायचो. काय जागा होती ती, मित्रांनो! एका बाजूला उंच कडे, कड्यांच्या कपारींत समुद्रपक्ष्यांची घरटी, खाली पिवळी वाळू आणि मागे खाऱ्या पाण्याची दलदल. भिंगवाले दुर्बीण घेऊन गवतात पालथे पडून राहत. मुलं दिवसभर वाळूत असत. बाई मला दोन झुडपांच्या मधे एका दमात अशी मागे घेत, की शेजारचे तंबूवाले हातातला चहा विसरून बघत राहत. थोरला आणि धाकटी वरच्या फळीवरून हमरीतुमरीवर येत, पण जेवणं होईपर्यंत भांडण विरून जाई. ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. बाई मला आतून बाहेरून पुसत, आणि मी पुन्हा नवी होई.

मग मुलं मोठी झाली. भिंगवाले एका हिवाळ्यात आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. मला घराच्या बाजूला उभी करून वर ताडपत्री टाकली गेली. टायर बसले. खिडकीच्या रबरात शेवाळ धरलं. उंदरांनी बाकाच्या गाद्या कुरतडून आत संसार थाटला. बाई कधीकधी ताडपत्री उचलून आत येत, चहाचा कप घेऊन बसत, एखादी फळी पुसत आणि निघून जात. मला वाटायचं, आता आपलं एवढंच उरलं.

आणि एके दिवशी थोरला आणि धाकटी दोघंही एकदम आली.

थोरला सामान हलवणाऱ्या कंपनीत मोठा माणूस झाला होता. लोकांची घरं ट्रकांत भरून इकडची तिकडे करायची, हा त्याचा रोजचा धंदा. धाकटी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दोघांनी बाईंना सांगितलं, की सगळे मिळून पुन्हा एकदा उद्यानात जाऊ. बाईंचा आधी विश्वासच बसेना. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी माझ्या बसलेल्या टायरांवरही ताठ झाले.

मला मात्र लवकरच कळलं, की यात काहीतरी काळंबेरं आहे. धाकटी माझी फरशी घासत होती, पण घासण्यात माया नव्हती. जुना राग काढावा तशी ती ब्रश चालवत होती. थोरला दारात उभा होता. दोघं दबक्या आवाजात एकमेकांवर खेकसत होती. बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही इतपत हळू बोललं, तरी आतलं सगळं मला ऐकू येतं.

वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. लगेच घेतली नाही तर ती दुसऱ्या कोणाला जाणार होती. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या आणि शेजारणीने हाक ऐकेपर्यंत फरशीवर पडून राहिल्या होत्या. एकदा शेगडीचा गॅस उघडा राहिला होता. बाई एकट्या राहू शकत नाहीत, यावर दोघांचं एकमत होतं. त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट होती. बाईंना विचारलं तर त्या आकाशपाताळ एक करतील, म्हणून विचारायचंच नाही असं ठरलं. आम्ही उद्यानात असताना थोरल्याची माणसं घर रिकामं करणार होती. परतीच्या वाटेवर गाडी घराकडे वळणारच नव्हती. तिला सगळं निघताना बघावं लागू नये, एवढंच बघतोय आपण, असं थोरला म्हणाला. याला ती दोघं माया म्हणत होती.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोलले असते.

माझ्या टायरांत हवा भरून निघालो तो दिवस वाऱ्याचा होता. माझ्यापुढची गाडी बाईंचीच होती, पण थोरला चालवत होता. बाई मागे बसल्या होत्या, शेजारी थोरल्याची मुलगी. साखर दिसली की ती चिमूटभर पळवते म्हणून तिला घरात सगळे मुंगी म्हणत. बाई अधूनमधून सांगायच्या, की वळणावर मागची गाडी रुंद फिरते, जरा बाहेरून घे. थोरल्याच्या मानेची शीर फुगायची. धाकटी म्हणायची, ऐकलंस तर बिघडेल का. तो म्हणायचा, मग तूच चालव.

उद्यानाच्या फाटकावरचा वनरक्षक आंबट चेहऱ्याचा होता. पक्ष्यांची वीण चालू आहे, कड्याच्या कडेला जायचं नाही, आवाज करायचा नाही, शेकोटी पेटवायची नाही, असं त्याने खिडकीत वाकून ऐकवलं. थोरला आम्ही तुझ्या जन्माच्या आधीपासून येतोय असं काहीतरी पुटपुटला. त्यावर वनरक्षकाने आम्हाला सगळ्यात शेवटची, कड्याजवळची, वारा खाणारी जागा दिली.

तिथे मला मागे घेताना थोरल्याने दोनदा आडवं लावलं. बाई खाली उतरून हाताने खुणा करू लागल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, आणि माझा कोपरा दगडी खांबावर आपटला. पत्रा आत गेला. धाकटी हसली. ते हसू वाईट होतं. थोरल्याने गाडीचं दार असं आदळलं, की खालच्या कपारीतले पक्षी ओरडत उडाले.

मग जे चाललं त्याला सहल म्हणणं मला जमत नाही. आत कोणी उठलं की दुसऱ्याला बसावं लागे. सूप सांडलं, त्यावरून वाजलं. ओले बूट कोणाचे, त्यावरून वाजलं. थोरला आणि धाकटी एकमेकांशी बोलायची ती मुंगीमार्फत. मुंगी, तुझ्या आत्याला सांग. मुंगी, तुझ्या बाबांना विचार. वारा रात्रंदिवस माझ्या अंगावर धडका देत होता आणि कपाटाचं दार आपटत होतं. बाई मात्र कशातच नव्हत्या. त्या नवऱ्याची दुर्बीण घेऊन दारात बसायच्या आणि सांगायच्या, तो बघा, डोकं बुडवून मासा धरणारा, तुमच्या बाबांचा लाडका. कोणी मान वर करत नव्हतं. एकदाच मुंगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला तिच्या बाबांनी लगेच हाक मारून आत घेतलं. आजीजवळ बसून तिच्या तोंडून काही निसटेल, ही भीती त्याच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू आली. आजी आता वृद्धाश्रमातल्या खोलीत राहायला जाणार, एवढं मुंगीला माहीत होतं. बाकीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भरती ओसरली आणि तिघं पायऱ्या उतरून वाळूवर गेली. बाईंचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते. त्या पाण्याचा डबा भरायला टेकाडावरच्या नळाकडे गेल्या. साऱ्या उद्यानात मोबाइलला रेंज येते ती तेवढ्याच टेकाडावर. तिथे त्यांचा फोन वाजला.

शेजारीण होती. बाईंकडची रोपं सांभाळायला तिच्याकडे किल्ली होती. ती रागावलेली होती. दारात ट्रक उभा आहे, तुमचं कपाट निघालं, पलंग निघाला, एवढ्या वर्षांचा शेजार आणि तुम्ही निरोपही घेतला नाहीत, असं ती म्हणाली. हे मला पुढे कळलं, शेजारीण माझ्यात बसून बाईंना पुन्हा पुन्हा सांगायची तेव्हा. त्या दुपारी मला एवढंच दिसलं, की बाई टेकाडावरून खाली आल्या आणि पाण्याचा डबा वरच राहिला.

त्या आत आल्या. बाकावर बसल्या. मग उठून त्यांनी बाकाचं झाकण उचललं. खाली धाकटीने एक सुटकेस सरकवून ठेवली होती. त्यांनी ती उघडली. आत त्यांचेच हिवाळ्याचे कपडे होते, औषधं होती, भिंगवाल्यांचा फोटो होता आणि नवेकोरे गाऊन होते. प्रत्येक कपड्याच्या गळ्याला आतून एक पांढरी पट्टी शिवलेली होती. पट्टीवर बाईंचं नाव होतं. अनेकांचे कपडे एकत्र धुतले जातात, तिथे अशी पट्टी लागते.

बाईंनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सुटकेस बंद केली, गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, कपाटाच्या कडीत चमचा अडकवला. बाकीच्यांच्या पिशव्या भरून बाहेर गवतावर ओळीने ठेवल्या. वारा होता म्हणून वर मुंगीचा स्वेटर घडी करून ठेवला आणि त्यावर दगड. मग माझ्या चारही कोपऱ्यांचे टेकूचे पाय फिरवून वर घेतले. गाडी मागे आणली. हुक बसला, साखळी लागली, दिव्यांची वायर जोडली. त्यांचे हात त्या कामात एकदाही अडले नाहीत.

खालून वर बघताना थोरल्याला गाडी हललेली दिसली असावी. तो धापा टाकत पायऱ्या चढून आला आणि गाडीच्या पुढे उभा राहिला. मागून धाकटी आली, तिच्या मागून मुंगी. इंजीन चालू होतं. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या.

"आई, काय चाललंय हे?"

"घरी चाललेय."

"घरी काय..." तो बोलता बोलता थांबला.

"बोल ना," बाई म्हणाल्या. "घरी काय उरलंय ते बोल."

धाकटीने विचारलं, कोणी सांगितलं. बाई म्हणाल्या, म्हणजे खरं आहे. मग थोरला समजावू लागला. खोलीची खिडकी बागेकडे आहे, डॉक्टर जवळ आहे, जेवण वेळेवर आहे. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं तो बोलत होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या कपड्यांवर माझं नाव शिवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "बसमध्ये लहान मुलं झोपून जायची, त्यांच्या स्वेटरवर असायचं तसं. हरवलं तर पोचवता यावं म्हणून."

तेव्हा धाकटीचा बांध फुटला.

"मी शिवलंय. दादाने नाही. दादा सणासुदीला येतो, फोटो काढतो आणि जातो. तू पडलीस तेव्हा कोण आलं? गॅस राहिला तेव्हा कोण आलं? फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते, आई. मला नाही जमत आता."

"मग हे मला सांगायचं होतंस. असंच, तोंडावर."

"ऐकलं असतंस तू?"

"नसतं ऐकलं," बाई म्हणाल्या. "पण नाही म्हणणारी मी असते. तेवढंही तुम्ही माझ्यासाठी ठेवलं नाहीत."

वारा होता, तरी हे सगळं नीट ऐकू आलं. मुंगी बापाकडे बघत होती.

"बाबा, आजीला माहीतच नव्हतं?"

थोरला जागचा हलला नाही. गाडी आपल्या नावावर नसली तरी ती आपणच चालवायची, अशी त्याची सवय झाली होती. तेव्हा बाईंनी हॉर्न दाबला. आखूड नव्हे, लांब. उशीर करणाऱ्या मुलांसाठी त्या शाळेच्या बसमधून द्यायच्या तसा. थोरला पटकन बाजूला झाला, आणि बाजूला झालो याचीच त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने मान फिरवली.

"फाटकापासून संध्याकाळची बस सुटते," बाई खिडकीतून म्हणाल्या. "पोरीला काहीतरी खायला घाला आधी." आणि आम्ही निघालो.

फाटकावर वनरक्षकाने आम्हाला अडवलं. त्याने बाईंकडे पाहिलं, रिकाम्या जागांकडे पाहिलं. बाकीचे कुठे आहेत असं त्याने विचारलं. ते बसने येतील, बाई म्हणाल्या. तो मागे येऊन माझ्याभोवती फिरला आणि एक दिवा लागत नाही, असं सोडता येणार नाही, असं म्हणाला. बाई उतरल्या, दिव्यावर तळहाताने एक चापट मारली. दिवा लागला. त्याने आडवा दांडा वर केला. त्याचा चेहरा तसाच आंबट होता.

दलदलीच्या रस्त्यावर आडव्या वाऱ्याने मी हेलकावू लागले. खरं सांगते, मी घाबरले होते. बाईंनी वेग कमी केला, स्टिअरिंग धरून ठेवलं, आणि मी पुन्हा सरळ झाले. पुढे एका रुंद जागी त्यांनी गाडी बाजूला घेतली. थर्मासचं झाकण उघडायला गेल्या, तर ते उघडेना. तेव्हा त्या रडल्या. नाक पुसून पुन्हा झाकणाला लागल्या, चहा प्यायल्या आणि गाडी सुरू केली.

तिन्हीसांजेला आम्ही घरी पोचलो. शेजारीण पायरीवर बसली होती. तिने किल्ली दिली. दार उघडं राहिलं होतं, तेवढं आतलं मला दिसलं. भिंतींवर चौकटींचे फिकट डाग होते. पडदे नव्हते. बाई एकेका खोलीत जाऊन आल्या, त्यांची पावलं रिकाम्या घरात मोठ्याने वाजत होती. मग त्या बाहेर आल्या, माझं टेबल खाली पाडलं आणि त्याच्यावर गादी घातली.

पुढे कित्येक दिवस त्या माझ्यातच राहिल्या. शेजारीण डबा आणायची. थोरल्याने निरोप पाठवला, की खोली अजून धरून ठेवली आहे. बाईंनी निरोप पाठवला, की ट्रक परत आण. एकदा तो घासाघीस करायला आलाही. बाईंनी माझं दार आतून लावून घेतलं. तो बाहेर उभा राहून बोलत राहिला, बराच वेळ बोलला, आणि शेवटी माझ्या चाकाला लाथ मारून गेला.

मग एका सकाळी ट्रक आला. थोरल्याच्या माणसांनी सामान उतरवलं. बाईंनी उभं राहून एकेक वस्तू जिथल्या तिथे लावून घेतली. कपाटाचा आरसा तडकला होता. थोरला ट्रकच्या केबिनमधून उतरला नाही. मुंगी उतरली, आजीच्या कमरेला मिठी मारली आणि हॉर्न वाजल्यावर परत गेली.

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. धाकटी बरेच महिने आली नाही. रोज फोन करायची, कोरड्या आवाजात, बरी आहेस ना एवढंच. पण बाईंनी तिचं कड्यावरचं बोलणं मनात ठेवलं होतं. त्यांनी न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले. गॅसची शेगडी काढून विजेची आणली. आणि एकदा माझ्या दारात बसून फोनवर धाकटीला म्हणाल्या, की आठवड्यातून एकदाच ये, तुला सवड असेल तेव्हा. मी पडले तर शेजारीण आहे. मग फोन बंद झाला. पुढच्या आठवड्यात धाकटी आली. माझ्यात येऊन बाकावर आडवी झाली आणि दुपारभर झोपली. इतकं गाढ झोपलेलं मी तिला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

थोरला कधी आत यायचा नाही. मुंगीला फाटकाशी सोडायचा आणि गाडी वळवून जायचा. बाईही बाहेर यायच्या नाहीत. दोघांचा पीळ एकाच सुताचा होता.

या पावसाळ्यानंतर माझं दार फुगलं. खाऱ्या वाऱ्याने आधीच पोखरलेलं लाकूड, ते आता चौकटीत बसेना. बाई ते खांद्याने ढकलत असताना मुंगीला सोडायला आलेल्या थोरल्याने पाहिलं. गाडी वळवून तो गेला. पण थोड्या वेळाने परत आला, हत्यारांची पेटी घेऊन. कोणाशी न बोलता त्याने माझी गंजलेली बिजागरं तपासली, लाकूड बोटाने दाबून पाहिलं. बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनीही त्याला ये म्हटलं नाही.

तो दारापाशी उकिडवा बसला. मग मान वर न करता म्हणाला, "आई, हे दार बदलायला झालंय. माझ्याकडे एक चांगलं आहे. बदलू का?"

बाईंनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला.

"नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता पुन्हा ठिणगी पडणार. थोरल्याचा जबडा आवळला होता. दार कुजलं होतं यात त्याचं काही चुकत नव्हतं, हे मी तरी नाकारत नाही. त्याने पेटीतून रंधा काढला, फुगलेली कड तेवढी तासली, बिजागरांना तेल दिलं आणि दार उघडून लावून पाहिलं. मग पेटी बंद करून तो गेला. जुनं दार माझ्या अंगावर आहे तसंच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल द्या, ताडपत्री घाला, टायरांत हवा भरा. आम्हाला विचारायची गरज नाही, आम्ही वस्तू आहोत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेताना मात्र आधी विचारा. आणि ती 'नको' म्हणाली, तर थोरल्यासारखी पेटी बंद करायला शिका.